दीर्घिकेचे वस्तुमान कसे मोजतात?

सप्तर्षी तारकासमूहाच्या हद्दीत एनजीसी ३१९८ या क्रमांकाची एक सर्पिल दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. विल्यम हर्शेल यांनी १७८८ मध्ये दुर्बिणीतून तिची नोंद केली. तिच्यातील सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांवरून तिचे अंतर सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षे भरते. इतक्या दूरच्या वस्तूचे वस्तुमान (वजन नव्हे, हा फरक विद्यार्थ्यांनी विसरू नये) कसे काढायचे?

त्याची युक्ती आपल्या सूर्यमालेतच आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट दूर आहे. त्याचा वेग फक्त ५.४ किलोमीटर. ग्रहाला कक्षेत ठेवणारे केंद्रगामी बल म्हणजे सूर्याचे गुरुत्वाकर्षण, हे समीकरण मांडले की वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्वीय स्थिरांक, एवढ्यावरून मधल्या वस्तूचे वस्तुमान मिळते. दोन्ही ग्रहांवरून उत्तर एकच येते. करून पाहा.

दीर्घिकेच्या बाबतीत ग्रहांचे काम हायड्रोजन वायू करतो. हायड्रोजनचे अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडतात. हॉलंडच्या व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष सापडल्या. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा आवाज जसा खाली उतरतो, तशी दूर जाणाऱ्या वायूच्या लहरींची लांबी वाढते. एनजीसी ३१९८ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ६६० किलोमीटर वेगाने दूर जात आहे, म्हणून २१ सेंटिमीटरची लांबी जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने वाढलेली आढळते. पण खरी गंमत पुढेच आहे. दीर्घिका स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तिची एक बाजू ६६० पेक्षा जास्त वेगाने दूर जाताना दिसते, तर दुसरी कमी वेगाने. या फरकावरून, आणि तबकडी आपल्याकडे किती कललेली आहे ते लक्षात घेऊन, केंद्रापासून प्रत्येक अंतरावरचा फिरण्याचा वेग काढता येतो.

हॉलंडमधील वेस्टरबोर्क येथे २५ मीटर व्यासाच्या १४ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांवर आधारलेला व्हॅन अल्बाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हायड्रोजनचा माग त्यांना केंद्रापासून जवळजवळ दीड लाख प्रकाशवर्षांपर्यंत लागला, म्हणजे ताऱ्यांच्या तेजस्वी भागाच्या सुमारे अडीचपट. त्या भागापलीकडे तारे जवळजवळ नाहीतच. तेव्हा नेपच्यूनप्रमाणे तेथील वायूचा वेग कमी होत जायला हवा होता. दिसणारे तारे आणि वायू यांच्या वस्तुमानावरून हिशेब केला तर शेवटच्या टोकाला तो ६५-७० किलोमीटर यायला हवा. प्रत्यक्षात आतल्या भागात वेग वाढत जाऊन सुमारे १५० किलोमीटर होतो आणि पुढे टोकापर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो!

वरच्या सूत्रात १५० किलोमीटर आणि १.४५ लाख प्रकाशवर्षे घाला. उत्तर येते सुमारे २३ हजार कोटी सूर्यांइतके वस्तुमान. यातला जास्तीत जास्त पाचवा हिस्सा तारे आणि वायू यांचा धरता येतो. उरलेले, म्हणजे दृश्य द्रव्याच्या निदान चौपट, कोणत्याच दुर्बिणीत दिसत नाही. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतही बाहेरच्या भागातील वेग अपेक्षेप्रमाणे घटताना दिसला नव्हता, आणि पुढे अनेक सर्पिल दीर्घिकांत हेच आढळले. हे द्रव्य कशाचे आहे, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. इस्राएलचे मोर्डेहाय मिलग्रॉम यांनी तर १९८३ मध्ये असे सुचवले की द्रव्य कमी पडत नसून अतिशय क्षीण त्वरणाला न्यूटनचे नियमच अपुरे पडत असावेत. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटलेले नाही. मलाही कृष्णद्रव्याचा पक्ष अधिक बळकट वाटतो, कारण दीर्घिकांच्या समूहांचे निराळे पुरावेही त्याच बाजूने जातात.

एनजीसी ३१९८ चे एकूण वस्तुमान मात्र २३ हजार कोटी सूर्यांपेक्षाही जास्त असणार. मोजणी थांबली ती वायू फार विरळ झाला म्हणून. वेग तेथेही उतरू लागलेला नव्हता.