लेकीच्या कॉलेजची फी: आधी अर्ज, मग कर्ज

कामं आटोपली असतील तर बसा, आणि आटोपली नसतील तर हात चालू ठेवून ऐका.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, रजिस्टर लिहून झालं, आणि एक काकू हळूच म्हणाल्या, "ताई, मला ९० हजार पाहिजेत. थोरलीला बी. फार्मसीला घातलंय. सोमवारपर्यंत भरले नाहीत तर जागा जाईल म्हणतात." गटाच्या खात्यात तेव्हा ४० हजारसुद्धा नव्हते. गटातून २० दिले, बाकीच्यासाठी काकूंच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या.

त्या घराचं उत्पन्न वर्षाला लाख-सव्वा लाख. जात ओबीसीत. म्हणजे त्या मुलीची शिक्षण फी शासनाने भरली असती, पूर्ण. मग पाटल्या का गेल्या? ते सांगते, पण त्याआधी पैशांचे प्रकार समजून घेऊ.

आपल्या गटाला फिरता निधी मिळतो आणि बँकेचं कर्जही मिळतं. फिरता निधी बँकेला परत करायचा नसतो, कर्ज व्याजासकट फेडायचं असतं. कॉलेजचंही तसंच आहे. फी माफी आणि शिष्यवृत्ती हे परत न करायचे पैसे. शैक्षणिक कर्ज हे परत करायचे. घरातलं सोनं, सावकार, पाहुण्यांकडची उसनवारी हेसुद्धा कर्जच, फक्त त्याचा कागद होत नाही म्हणून आपल्याला ते कर्ज वाटत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत सुरुवात सोन्यापासून होते आणि शिष्यवृत्तीचं नाव दिवाळीनंतर निघतं. खरं तर हे उलट व्हायला पाहिजे.

आता फी माफीचं. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के शासन भरेल. इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी, मेडिकल, असे अभ्यासक्रम. त्याआधी ही सवलत बऱ्याच मुलींना ५० टक्केच होती. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिच्यात निम्मी फी मिळते. अनुसूचित जातीच्या मुला-मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि त्यात फीबरोबर निर्वाह भत्ताही असतो. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची तशीच शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी नावाच्या एकाच पोर्टलवर भरतात.

पण अट नीट ऐका. मुलींची ही माफी शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला पोरं 'कॅप राउंड' म्हणतात, त्यातून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर नाही.

काकूंच्या लेकीला कॅप राउंडमध्ये कॉलेज मिळालं होतं. गावापासून ७० किलोमीटर. काका म्हणाले, पोरीला एवढ्या लांब ठेवायची नाही. ओळखीच्या एकाने जवळच्या कॉलेजात 'संस्थेच्या कोट्यातून' जागा काढून दिली आणि वर सांगितलं, स्कॉलरशिपचं नंतर बघू. नंतर बघायला काही उरलंच नव्हतं. वर्षाचे ९० हजार, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. ७० किलोमीटरवरच्या कॉलेजजवळ वसतिगृहाची खोली घेतली असती, वर डबा लावला असता, तरी एवढा खर्च झाला नसता. मी काकांना दोष देत नाही. मुलगी लांब ठेवण्याची भीती खरी असते, मलाही दोन मुली आहेत. पण त्या भीतीची किंमत ३ लाख ६० हजार आहे, हे प्रवेशाच्या टेबलावर त्यांना कुणी सांगितलं नाही. ते सांगायला पाहिजे होतं. मी स्वतः त्या आठवड्यात दुसऱ्या गावात प्रशिक्षणात होते, ही माझी चुटपूट आहे.

दुसरी गोष्ट, माफी म्हणजे सगळं फुकट नव्हे. शिक्षण फी आणि परीक्षा फी एवढंच त्यात येतं. वसतिगृह, खानावळ, एसटीचा पास, पुस्तकं, प्रयोगशाळेचा पांढरा कोट, अनामत रक्कम हे आपल्याला बघावं लागतं. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्या राहण्या-जेवण्यासाठी अनुसूचित जातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. नावं लांबलचक आहेत, पाठ करू नका. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला एवढंच विचारा, "आमच्या पोरीला फी सोडून राहण्याचा भत्ता कोणता लागू होतो?"

आणि कागद. माझ्या अनुभवात पैसे नाकारल्यामुळे जेवढी मुलं अडकतात, त्याहून जास्त एका कागदामुळे अडकतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा चालत नाही. ओबीसी असेल तर नॉन क्रिमीलेअर. अधिवास दाखला. रेशनकार्ड. आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. वैधतेला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, जुने सातबारे शोधावे लागतात, मग जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज. बारावीचा निकाल लागल्यावर पळापळ करून हे होत नाही. मुलगी अकरावी सायन्सला गेली की त्याच वर्षी कॉलेजमार्फत अर्ज टाका.

खात्याचंही एक सांगते. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तुम्ही अर्जात कुठलं पासबुक जोडलं यापेक्षा आधार शेवटी कुठल्या खात्याला जोडलं गेलं हे महत्त्वाचं. एका मुलीचे पैसे 'मंजूर, जमा' दाखवत होते आणि पासबुकात एक रुपया नाही. तीन महिने आम्ही शोधलं. शेवटी कळलं, नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने मोबाईलवर एक पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं होतं, आधार तिकडे जोडलं गेलं, पैसे तिथे पडून होते. बँकेत जाऊन "माझ्या मुलीचं आधार डीबीटीसाठी कुठे जोडलंय" असं विचारलं की उत्तर मिळतं.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती आपण लगेच कॉलेजात भरायची असते. आमच्या भागात एका घरी असे पैसे आले, घरच्यांना वाटलं शिष्यवृत्ती म्हणजे पोराची कमाई, मोटार जळाली होती ती भरून आणली. मार्चमध्ये कॉलेजने थकबाकी दाखवली आणि मुलाला परीक्षेच्या तोंडावर गटातून कर्ज काढून पैसे भरावे लागले. तेव्हा पैसे आले की आधी कॉलेजात जाऊन विचारा, यातले तुमचे किती आणि आमचे किती.

आता कर्जाचं बोलू. माफी आणि भत्ता धरूनही कमी पडलं, किंवा मुलगी माफीत बसतच नाही, तर बँक आहे. इथे मी थोडी रागात बोलेन, माफ करा.

मी बारावी झाले तेव्हा मला नर्सिंगला जायचं होतं. लाखभर रुपये कमी पडत होते. वडील एका बँकेच्या शाखेत गेले. साहेब म्हणाले, सातबारा आणा आणि सरकारी नोकरीतला जामीनदार आणा. सातबारा आजोबांच्या नावावर, चुलत्यांच्या सह्या मिळेनात, जामीनदार कोण होणार? वडील दोन फेऱ्या मारून गप्प बसले. मी तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. केलं. बऱ्याच वर्षांनी, हे काम करायला लागल्यावर, मला कळलं की ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचंच नसतं. तेव्हाही मागायचं नव्हतं. आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून हे आकडे चुलीजवळ भिंतीवर लिहून ठेवा. ४ लाखांपर्यंत तारण नाही, आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, तेवढं लागतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारचा हमी निधी आहे, त्यामुळे तिथवरही बँकेला तारणाशिवाय कर्ज देता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. ती देशातल्या निवडक चांगल्या संस्थांसाठीच आहे, पण तिथे प्रवेश मिळाला तर तारणही नको आणि जामीनदारही नको, आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. अर्ज ऑनलाइन करा, म्हणजे त्याचा नंबर मिळतो. कुणी तोंडी "होत नाही" म्हणालं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, कारण लेखी द्या."

व्याजाचा हिशोब आपल्याला कुणी शिकवायला नको, दर महिन्याला करतो आपण. समजा चार वर्षांच्या कोर्सला ३ लाखांचं कर्ज घेतलं. बँक सगळे एकदम देत नाही, दरवर्षी ७५ हजार थेट कॉलेजच्या नावे देते. व्याज १० टक्के धरा. कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. पहिल्या वर्षीच्या ७५ हजारांवर पाच वर्षांचं व्याज ३७,५००. दुसऱ्यावर चार वर्षांचं ३०,०००. तिसऱ्यावर २२,५००. चौथ्यावर १५,०००. बेरीज झाली १ लाख ५ हजार. म्हणजे फेडायला सुरुवात कराल तेव्हा ३ लाख नव्हे, ४ लाख ५ हजार उभे असतील, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ५,३५० रुपये हप्ता. मुलीचा पहिला पगार १५ हजार असेल तर हा हप्ता झेपेल का, हे कर्ज घेण्याआधी तिच्याबरोबर बसून बोला. तिचं कर्ज आहे, तिला आकडा माहीत पाहिजे.

या मधल्या काळातल्या व्याजावरही मदत आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त कॉलेजातला तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल तर ते व्याज केंद्र सरकार भरतं. आपोआप मिळत नाही, उत्पन्नाचा दाखला बँकेला देऊन मागावं लागतं. ज्यांना ती लागू नाही त्यांनी जमेल तसं व्याज शिक्षण चालू असतानाच भरत जावं. पहिल्या वर्षी ७५ हजारांवर महिन्याला ६२५ रुपये होतात. शेळीच्या एका बोकडात वर्षाचं व्याज निघतं. असं वेळच्या वेळी व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका व्याजदरात थोडी सूटही देतात.

आता आपल्या गटाचं. आपण शेकडा दोन रुपये महिना घेतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेच्या दुपटीहून जास्त. गटाची समन्वयक असून मी हे बोलते म्हणून काहींना आवडणार नाही, पण चार वर्षांच्या फीसाठी गटाचं कर्ज हा महाग सौदा आहे. गटाची जागा वेगळी आहे. प्रवेश ऑगस्टमध्ये आणि भत्ता येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी त्याच्याही नंतर. मधल्या काळात खोलीची अनामत, खाट-गादी, पुस्तकं याला २० हजार लागतात. ते गटातून घ्या, भत्ता आला की फेडा. सहा महिन्यांचे २,४०० रुपये व्याज जाईल, पण पाटल्या घरात राहतील. आमच्या दोन गटांनी तर जून ते सप्टेंबर शिक्षणासाठीच्या मागणीला पहिला नंबर असा ठराव करून ठेवला आहे.

पाटल्यांवरून आठवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी आपले दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. तेव्हा महाडीबीटी नव्हतं. त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता म्हणून त्यांनी दिलं. आपल्याकडे आता आहे.

काकूंची थोरली सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षांच्या फीसाठी आम्ही बँकेत अर्ज केला, दोन फेऱ्यांत नाही पण पाचव्या फेरीत मंजूर झाला, सातबारा न देता. धाकटी अकरावी सायन्सला आहे. तिच्या जात वैधतेसाठी पणजोबांची शाळेतली नोंद काकांनी स्वतः शोधून आणली, आणि अर्जाची पावती काकूंनी गटाच्या पेटीत ठेवायला दिली आहे.