गळ्यातील गाठ आणि वाढते आकडे

३ फेब्रुवारी रोजी संत ब्लेझ यांच्या स्मरणदिनी दोन मेणबत्त्या फुलीप्रमाणे गळ्याशी धरून धर्मगुरू भाविकांना आशीर्वाद देतात. त्या वेळी हल्ली एक प्रश्न आमच्या कानी पडतो: ‘फादर, थायरॉईडचा कर्करोग एवढा का वाढला?’

आकडे वाढले, हे खरे. मात्र रोग तितकाच वाढला काय, हा निराळा प्रश्न आहे. दक्षिण कोरियाचे उदाहरण येथे बोलके ठरावे. १९९९ मध्ये तेथे सरकारी कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईडचा तीत समावेश नव्हता. परंतु रुग्णालये अल्प शुल्कात गळ्याची सोनोग्राफीही करू लागली. परिणामी २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले! २०१४ मध्ये तेथील काही डॉक्टरांनीच या तपासणीविरुद्ध आवाज उठविला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

याचे कारण असे की, अनेकांच्या थायरॉईड ग्रंथीत जन्मभर त्रास न देणाऱ्या सूक्ष्म गाठी असतात. शोधल्या म्हणजे त्या सापडतात. आपल्या देशातही तिरुवनंतपुरम येथील नोंदींत हे प्रमाण बार्शीच्या ग्रामीण नोंदींपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे. बार्शीची नोंदणी १९८७ पासून चालू आहे, तेव्हा नोंदच नाही असेही म्हणता येत नाही. (प्रत्येक वाढ भासमान असते असे मात्र नव्हे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्सारी आयोडीनमुळे मुलांमध्ये हा रोग खरोखरच वाढला.)

दरेकसासारख्या गावातून रेल्वेने गोंदिया वा नागपूर गाठणाऱ्या कुटुंबासाठी ही केवळ आकड्यांची चर्चा नाही. संपूर्ण ग्रंथी काढल्यास आयुष्यभर रोज गोळी घ्यावी लागते; क्वचित आवाजाच्या नसेला इजा होते, शरीरातील कॅल्शियम घटते. शिवाय खर्च व धास्ती आहेच. म्हणून काहीही तक्रार नसताना, शिबिरात स्वस्तात होते एवढ्यासाठी गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ नये, असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळानेही २०१७ मध्ये हाच सल्ला दिला.

परंतु गळ्यात हाताला गाठ लागत असेल, ती वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळताना अडथळा होत असेल किंवा घरात कुणाला हा रोग झाला असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लहान गाठीत कर्करोग आढळला, तरी ‘लगेच शस्त्रक्रिया हवी की काही काळ लक्ष ठेवून चालेल?’ असे डॉक्टरांना विचारण्यास संकोच करू नये.

– संपादक