मत शिळं कधी होतं?

आज कसबा पेठेत बोलतोय, तर सुरुवात इथूनच करू. फेब्रुवारी 2023 मध्ये कसब्यात विधानसभेची पोटनिवडणूक झाली. रवींद्र धंगेकर जिंकले, हेमंत रासने हरले. नोव्हेंबर 2024 मध्ये तेच दोघं पुन्हा समोरासमोर आले आणि निकाल उलटा लागला. कोणी म्हणालं असतं, ‘2023 ची मतं शिल्लक आहेत, तीही मोजा,’ तर आपण हसलो असतो. (हशा)

पण इंटरनेटवर हा प्रश्न खरोखर येतो. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमिंगचे प्रश्न विचारायची साइट. तिथे 3,000 गुण मिळवलेला सदस्य एखाद्या प्रश्नावर ‘बंद करा’ असं मत देऊ शकतो. पूर्वी अशी पाच मतं लागायची, 2019 पासून तीन लागतात. प्रश्न बंद झाला की त्याला नवं उत्तर देता येत नाही. आणि विचारणारा अनेकदा नवखा विद्यार्थी असतो.

निवडणुकीत मतदान एका दिवशी होतं. इथे तसं नाही, मतं कधीही पडतात. समजा, हजार वाचकांत एकाला प्रश्न खटकतो. ही मतं कायम टिकली, तर तीन हजार लोकांनी वाचेपर्यंत तीन मतं जमणार. बाकीचे 2,997 जण वाचून निघून जातात, ‘राहू द्या’ असं सांगायला थांबत नाहीत. म्हणजे प्रश्न बंद झाला तो वाईट म्हणून नाही, तर खूप वाचला गेला म्हणून!

म्हणून मताला मुदत लागते. तिथला ढोबळ नियम असा: प्रश्न 100 वेळा पाहिला गेला असेल तर मत चार दिवसांनी गळायला लागतं, नसेल तर चौदा दिवसांनी. यात शहाणपण आहे. गर्दीच्या प्रश्नाकडे शंभर जणांनी पाहिलं आणि तरी तीन मतं झाली नाहीत, तर तोच कौल समजायचा. आडबाजूच्या विषयाला मात्र वाचकच कमी. तिथे चार दिवसांत मत गळलं, तर खरोखर निरुपयोगी प्रश्नही कधी बंद होणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की घड्याळाबरोबर दुरुस्तीकडेही बघावं. विद्यार्थ्याने प्रश्न नीट लिहून काढला, तर जुनं मत नव्या मजकुराला का चिकटावं?

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं, ‘मग कोणीही एक स्वल्पविराम बदलून मतं पुसेल की!’ बरोबर आहे. म्हणून मत आपोआप पुसू नये. मत देणाऱ्याला कळवावं: ‘प्रश्न बदललाय, तुमचं मत अजून तेच आहे का?’ ठरावीक दिवसांत त्याने होकार दिला नाही, तर मत रद्द. एखाद्याचा प्रश्न बंद करायचा असेल, तर तो पुन्हा एकदा वाचायची तसदी आपण घेतलीच पाहिजे.