पाव, पाऊण आणि एक छेद चार

सहावीच्या त्या वर्गातल्या फळ्याचा उजवा कोपरा खडूने चौकट आखून वेगळा काढलेला आहे. वर लिहिलेले असते, ‘आगामी उपक्रम’. बाकीचा फळा तासातासाला पुसला जातो; चौकट मात्र महिनाभर तशीच राहते आणि झाडूचा किंवा कोणाच्या तरी बाहीचा धक्का लागून तिच्यातली अक्षरे हळूहळू फिकट होत जातात. सातारा जिल्ह्यातल्या, आठवडी बाजार भरणाऱ्या एका गावातली ही पाचवी ते आठवीची शाळा. गेले वर्ष-सव्वा वर्ष मी आठवड्यातून दोन दिवस तिथे मागच्या बाकावर बसते आहे. बावीस वर्षे गणित शिकवल्यानंतर मुलांना अपूर्णांक नेमके कुठे अडतात ते एकदा शांतपणे पाहावे, एवढाच माझा हेतू होता. चौकटीतल्या उपक्रमांकडे मी सुरुवातीला लक्षही दिले नव्हते.

जुलैतल्या एका सकाळी सरांनी फळ्यावर १/२ + १/४ असे मांडले. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने वहीत शांतपणे उत्तर लिहिले, २/६. वर एक नि एक दोन, खाली दोन नि चार सहा. वर्गातल्या निम्म्याहून अधिक वह्यांत हेच उत्तर होते. या मुलीची आई बाजारात भाजी घेऊन बसते आणि सुट्टीच्या दिवशी ही तिच्या शेजारी असते. मधल्या सुट्टीत मी तिला विचारले, “गवार ऐंशी रुपये किलो. मी अर्धा किलो घेतली, वर पाव किलो घेतली. किती द्यायचे?” ती म्हणाली, “पाऊण किलो झाली की, साठ रुपये.” उत्तर यायला डोळ्यांची पापणी लवावी एवढाही वेळ लागला नाही. मग मी वही उघडून तिचेच २/६ दाखवले. ती म्हणाली, “मॅडम, ते गणित आहे. मला गणित येत नाही.”

हे वाक्य मी माझ्या नोकरीत अनेकदा ऐकले आहे, आणि कधीकधी मुलाच्या वहीवर लाल फुली मारून ते वाक्य मीच त्याच्या तोंडी घातले असणार. म्हणून या वेळी ते सोडून द्यावेसे वाटले नाही.

अशी फारकत दिसलेली ही पहिली मुलगी नव्हे. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅरेहर, कॅरेहर आणि श्लीमन या अभ्यासकांनी रस्त्यावर नारळ, लिंबे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या प्रश्नांपैकी सुमारे ९८ टक्के त्यांनी बरोबर सोडवले. तेच हिशोब कागदावर नुसत्या संख्यांत दिले तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांत आहेत. त्यातही तेच दिसले, पण आणखी एक गोष्ट दिसली व मला ती अधिक महत्त्वाची वाटते: फक्त शाळेत शिकणाऱ्या, बाजाराशी संबंध नसलेल्या मुलांना कागदावरची गणिते जमत, पण बाजारातला साधा व्यवहार जमत नसे. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

आता २/६ कडे वळू. ही चूक निष्काळजीपणाची नाही. तिच्यात एक नियम आहे. अपूर्णांक ही एक संख्या आहे हे मुलाला कळलेलेच नसते. त्याला रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन संख्या दिसतात आणि पूर्ण संख्यांबाबत चार वर्षे घोटलेले नियम तो प्रामाणिकपणे दोन्हींना लावतो. १/८ हा १/६ पेक्षा मोठा, कारण आठ सहापेक्षा मोठे, हेही त्याच नियमातून येते. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ यांच्या बेरजेचा नुसता अंदाज विचारला होता. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणून उत्तर दोनच्या आसपास. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन हे उत्तर निवडणारी मुले चोवीस टक्के. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले. अंशांची बेरीज एकोणीस, छेदांची एकवीस. तेव्हा हे दुखणे आपल्या खेड्यातल्या शाळेचेच आहे असे समजायचे कारण नाही.

मराठी मुलाच्या बाबतीत मात्र यात भाषेची एक गंमत आहे. वर्गात आपण १/४ चे वाचन ‘एक छेद चार’ असे करतो. ऐकणाऱ्याला त्यात एक आणि चार या दोन संख्याच ऐकू येतात. घरी तीच वस्तू ‘पाव’ असते. त्यात ना एक ऐकू येतो ना चार. एकच राशी ऐकू येते. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर ‘वन अपॉन फोर’ ही तिसरी भाषा येऊन बसते.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही कुळी मोठी जुनी आहे. पाऊण म्हणजे ‘पादोन’, एक पाद उणे. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पादासह. साडे हे ‘सार्ध’वरून आले. अडीच हा शब्द तर मला फार आवडतो; त्याचे मूळ ‘अर्धतृतीय’, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. साडेतीनसाठी जुना शब्द ‘औट’, तो ‘अर्धचतुर्थ’पासून, ‘औट घटकेचे राज्य’ यात तो अजून टिकून आहे. या शब्दांत संख्या संख्यारेषेवर कुठे उभी आहे ते सांगितलेले असते: तीनच्या थोडे अलीकडे, दोनच्या थोडे पलीकडे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, पूर्णांकाला अपूर्णांक जोडण्याला ‘भागानुबंध’ आणि वजा करण्याला ‘भागापवाह’ अशी नावे आहेत, आणि तिथल्या उदाहरणात घेतलेल्या संख्या आहेत सव्वादोन आणि पावणेतीन. आपल्या भाजीबाजारातल्याच.

पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणवून घेत. माझ्या आजीला औटकी येत असे. तिचा उपयोग काय, हे मात्र मला कोणी सांगितले नाही. उपयोग उघड होता. रुपयाचे सोळा आणे, शेराची सोळा छटाके. अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे असेच सगळे व्यवहार चालत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि पावकी-निमकीच्या खालची जमीन सरकली. पाढे पाठ करणे बंद झाले याचे दुःख मी करणार नाही. त्या घोकंपट्टीत छड्याही खूप होत्या. पण शब्द उरले आणि ते शाळेच्या दाराबाहेर राहिले.

इथवरचे सगळे वाचून ‘मग बाजारच वर्गात आणा’ असे म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला. नेमकी तशी संधी गेल्या वर्षी चौकटीत लिहिलेलीच होती: ‘बालआनंद मेळावा’. मुलांनी घरून भाजी, भेळ, चिवडा आणायचा, पटांगणात मांडायचा, पालकांनी विकत घ्यायचा. अशा मेळाव्याच्या वृत्तांतात ‘मुलांना व्यवहारज्ञान मिळाले’ हे वाक्य बहुधा असतेच. मी वही घेऊन दुकानादुकानांपुढे उभी राहिले. तासाभराने लक्षात आले की एकाही दुकानावर अपूर्णांक नाही. कांद्याचा वाटा दहाला, टोमॅटोचा वाटा दहाला, भेळ दहाला, लिंबे दहाला तीन. आयांनीच सोयीसाठी वाटे करून पाठवले होते. सुट्ट्यांचा प्रश्न नको म्हणून सगळे दहाच्या पटीत. तेव्हा पाचवीत असलेली ही माझी गवारवालीसुद्धा त्या दिवशी वाटे विकत होती आणि कंटाळली होती. फोटो मात्र छान आले. ते त्याच संध्याकाळी वर पाठवायचे होते.

उपक्रमांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना मांडली, ती मला मनापासून पटते. अडचण अशी की उपक्रमाची तारीख आधी ठरते, फोटो नंतर ठरतात आणि त्यातून मुलाने कोणत्या प्रश्नाला भिडावे, हे ठरवायला कोणालाच सवड नसते. सरांनाही नव्हती. घटक चाचणी तोंडावर, दोन वर्ग एकत्र, त्यात निवडणुकीचे काम. मी मागच्या बाकावरून बोलणे सोपे आहे, हे मला ठाऊक आहे.

शिवाय बाजारही आता पूर्वीचा राहिलेला नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर किमतीचा आकडा आपोआप उमटतो. पैसे फोनवरून जातात. चार आण्यांचे नाणे तर ३० जून २०११ पासून चलनातच नाही. त्या मुलीला पाऊण किलोचा हिशोब येतो तो तिच्या आईला तोंडी येतो म्हणून. आणखी दहा वर्षांनी हा धागा असेल की नाही, सांगता येत नाही. आणि पाव-अर्ध्याच्या पलीकडे बाजाराचे शब्दही संपतात. एक पंचमांशाला, दोन सप्तमांशाला बोलीत नाव नाही. तिथे शाळाच लागते.

सप्टेंबरमध्ये सरांनी आणि मी मिळून एक तास वेगळा घ्यायचे ठरवले. सरांनी दोन पारड्यांचा तराजू आणि वजने आणली आणि विचारले, “पाव किलो तोलायला कोणतं वजन ठेवाल?” शहरातून बदलून आलेल्या एका मुलाने सांगितले, अडीचशे ग्रॅमचे. गवारवाली हसली. “तसलं माप नसतंय. दोनशे आणि पन्नास ठेवायचं.” तिचे खरे होते. आपल्याकडची वजने एक, दोन, पाच या क्रमाने असतात: ५०, १००, २००, ५०० ग्रॅम. पावाचे स्वतंत्र वजन त्यांत नाही.

सरांनी मग विचारले, दोनशे ग्रॅम हा किलोचा कितवा भाग? एका किलोत दोनशे पाच वेळा, म्हणून १/५. पन्नास? वीस वेळा, म्हणून १/२०. फळ्यावर आले १/५ + १/२०. नेहमीच्या रीतीने एकाने उत्तर दिले, २/२५. सर काही बोलले नाहीत; त्यांनी किलोचे पंचविसावे भाग मोजायला सांगितले. एक भाग चाळीस ग्रॅम, दोन भाग ऐंशी. पारड्यात दोनशेचे वजन समोर दिसत होते आणि त्यात आणखी पन्नास टाकल्यावर फळा सांगत होता, ऐंशी ग्रॅम. मागून कोणीतरी म्हणाले, “गिऱ्हाईक मारंल.” वर्ग हसला. पण ती हसली नाही. तिने जुलैतली वही उघडली, २/६ शोधले आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “सर, हे तर अर्ध्यापेक्षा कमी झालं. अर्ध्यात पाव टाकल्यावर कमी कसं होईल?”

समच्छेद करायचे कशासाठी, हे त्यानंतर सांगावे लागले नाही. दोनशेचे वजन म्हणजे पन्नासाची चार; १/५ म्हणजे ४/२०. चार विसावे आणि एक विसावा मिळून पाच विसावे, म्हणजे पाव. एकाच मापात आणल्याशिवाय मिळवता येत नाही, हे वजनाच्या हिशोबात त्या मुलांना आधीच माहीत होते. छेद म्हणजे ते माप, आणि अंश म्हणजे ती किती वेळा घेतली, एवढे नाव द्यायचे राहिले होते. भाकरी मुलांत वाटणे आणि मापाने मोजणे, या दोन्ही वाटांनी अपूर्णांक शिकवण्यावर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चांगले काम झाले आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांतून वाटणीचे गोल भरपूर भेटतात. मापाची वाट थोडी ओस पडली आहे, असे माझे मत आहे.

सगळ्या मुलांना त्या तासात सारे कळले, असे नाही. पुढच्या चाचणीत काही वह्यांत ‘वर वर, खाली खाली’ पुन्हा दिसले. त्या मुलीने दोन बेरजा बरोबर सोडवल्या, तिसरीत घोटाळा केला. तिच्यात सप्तमांश होते.

सहामाहीच्या आधीच्या आठवड्यात फळ्यावरची चौकट नव्याने लिहिली गेली. ‘२२ डिसेंबर, गणित दिन. बाजार. वाटे आणू नयेत. तोलूनच विकणे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा. पावती वहीत अपूर्णांकात.’ तराजू कोण आणणार, याची चर्चा चालली होती. गवारवाली म्हणाली, आईने आता काटा घेतला आहे, जुना तराजू माळ्यावर आहे, पण त्यातले पन्नासाचे माप हरवले आहे. सर म्हणाले, मग तुझ्या दुकानात पाव किलो कसा तोलणार? तिने थोडा विचार केला. “अर्धा किलो तोलायचा. मग वजन काढून ठेवायचं आणि तीच भाजी दोन्ही पारड्यांत सारखी करायची. एका पारड्यातली पाव.”

सरांनी खडू उचलला आणि १/२ च्या पुढे गुणाकाराची फुली काढली. तो धडा अजून सुरू व्हायचा होता.