मंद उजेडाच्या घरासाठीं आमरीची निवड

आमरी म्हणजे ऑर्किड. पुष्कळ लोक हिला बांडगूळ समजतात, पण तें खरें नाहीं. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. झाडावर वाढणारी आमरी केवळ आधार घेते आणि पाऊस, दंव व सालींत सांचलेला पालापाचोळा यांवर निर्वाह करते. कित्येक जाती जमिनीवरही वाढतात.

रोपास किंमत बरीच पडते. म्हणून तें घेण्यापूर्वीं घरांतील उजेडाची पाहणी करावी. भर दुपारीं नियोजित जागीं पांढरा कागद ठेवून त्याच्या सुमारें एक फूट वर हात धरावा. सावलीचे कांठ रेखीव असल्यास उजेड भरपूर, पुसट असल्यास मंद समजावा. सावली मुळींच न पडल्यास तेथें फुलांची आशा धरूं नये.

पुसट सावलीच्या जागेस तीन जाती योग्य होत.

१. फॅलिनॉप्सिस : नवशिक्यानें हिच्यापासून आरंभ करावा. पूर्वेची खिडकी हिला मानवते. हिवाळ्यांत रात्रींचें उष्णमान कांहीं आठवडे १८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उतरलें म्हणजे तुरा निघण्यास मदत होते. फुलें दोन-तीन महिने टिकतात.

२. पॅफिओपेडिलम : कबऱ्या पानांची जात घ्यावी, ती उष्ण हवा सोसते. हिच्या मुळांशीं ओल सतत थोडी असावी.

३. लुडिसिया : हिची शोभा तांबूस रेघांच्या मखमली पानांत आहे. फुलें लहान व पांढरीं असतात.

व्हँडा, बहुतेक डेंड्रोबियम आणि सह्याद्रींत पावसाळ्याच्या तोंडाशीं फुलणारी सीतेची वेणी यांस उजेड अधिक लागतो. त्या घरांत ठेवूं नयेत. रानांतील आमरी झाडावरून ओरबाडून आणणें तर सर्वथा वर्ज्य होय. रोपवाटिकेंत वाढविलेलेंच रोप घ्यावें.

उजेडाच्या खालोखाल घात होतो तो पाण्यानें. फॅलिनॉप्सिस मातींत लावूं नये. कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या सच्छिद्र कुंडींत लावावी. मुळें हिरवीं असेपर्यंत पाणी देऊं नये. तीं रुपेरी दिसूं लागलीं म्हणजे सकाळीं द्यावें. पानांच्या बेचक्यांत पाणी सांचल्यास गाभा कुजतो. पावसाळ्यांत तर हात आंखडताच ठेवावा.

पानें गर्द हिरवीं होऊन फूल येईनासें झालें तर रोप उजेडाकडे सरकवावें. तांबूस झालीं तर मागें घ्यावें. ही खूण ध्यानांत ठेवल्यास खर्च वायां जाणार नाहीं.