श्रीखंडाच्या डब्यातला मासा

आमच्या दुकानात मेलेला मासा बहुतेक वेळा श्रीखंडाच्या डब्यातून परत यायचा. कधी आइस्क्रीमचा डबा, कधी दुधाची रिकामी पिशवी, एकदा चक्क देवपूजेचा तांब्या. गिऱ्हाईक डबा काउंटरवर ठेवायचं, झाकण उघडायचं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘कालच नेला होता.’

काल म्हणजे परवा, तेरवा किंवा मागचा रविवार. मामाला वासावरून कळायचं. पण तो कधी तसं बोलून दाखवायचा नाही. काउंटरखालून एक लांबट वही काढायचा, वर ‘परत’ असं लिहिलेली, आणि तारीख टाकून विचारायला लागायचा. टाकी केवढी, पाणी कुठलं, कधी बदललं, खायला काय घालता. २००३ च्या उन्हाळ्यात एस. वाय. बी. कॉम.ची परीक्षा देऊन मी ‘दोन महिने हाताखाली’ म्हणून डोंबिवलीतल्या त्या दुकानात गेलो आणि २०१७ ला शटर खाली येईपर्यंत तिथेच राहिलो. मामा गेल्यावर त्याच्या वह्या माझ्याकडे आल्या. परवा माळा आवरताना त्या पुन्हा चाळल्या आणि चौदा वर्षांची भांडणं ओळीने समोर उभी राहिली.

सुरुवातीच्या वहीत बरण्या फार आहेत. काचेची गोल बरणी, तळाला रंगीत खडे, आत एक गोल्डफिश. वाढदिवसाला द्यायला सोयीची, टीव्हीवर ठेवायला शोभेची. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला मासा. चीनमध्ये हजारएक वर्षं पाळून-निवडून त्याला हे रंग आणि ही शेपटी आली आहे. नीट ठेवला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. खातो खूप, घाण त्याहून जास्त करतो. दोन लिटरच्या बरणीत तो आठवडा काढतो हीच नवलाची गोष्ट. मला हे महिन्याभरात कळलं. मामाला वीस वर्षं माहीत होतं. तरी बरण्या विकल्या जात होत्या, कारण बरणीवर टाकीपेक्षा जास्त सुटायचे.

एका दुपारी एक बाई आल्या. डबा उघडला, वाक्य झालं. मामाने वही काढली.

‘खायला काय घालता, ताई?’

‘तुम्ही दिलेत ते दाणे. आणि पोळीचा चुरा. थोडा भात.’

‘रोज?’

‘रोज म्हणजे, जेवायला बसलो की त्यालाही. आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही हो.’ मग थोडं थांबून, ‘एकादशीला साबुदाणा घातला होता.’

मी हसू दाबायला मागच्या टाक्यांकडे वळलो. मामा हसला नाही. त्याने दुसरा मासा पिशवीत भरला, पैसे घेतले नाहीत आणि सांगितलं, की सकाळी चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलं तर तुमचं चुकलं. बाई गेल्यावर मला म्हणाला, ‘हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. गर्दी होती, राहिलं.’

वही वाचताना आता एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्यांना आम्ही ‘कटकटी गिऱ्हाईक’ म्हणत होतो, त्यांतली निम्मीअधिक कटकट आम्हीच पिशवीत बांधून दिलेली होती.

नव्या टाकीचंच घ्या. रविवारी सहकुटुंब यायचे. टाकी, फिल्टर, एअरपंप, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा शिंपला आणि डझनभर मासे, सगळं एका फेरीत. बुधवारपर्यंत पाणी दुधाळ, गुरुवारी दोन मासे उलटे, शनिवारी गृहस्थ काउंटरवर. ‘आजारी माल दिलात.’ खरी भानगड अशी, की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर स्वच्छ दिसणारं पाणी हे फक्त दिसायला स्वच्छ. पण रविवारी पोराला घेऊन आलेल्या बापाला ‘आज नुसती रिकामी टाकी न्या, मासे महिन्याने’ असं सांगणार कोण? मी पुढे सांगायला लागलो. काही जण समोरच्या दुकानात गेले.

दिवाळीनंतरचा आठवडा सर्वांत वाईट. घर आवरताना फिशटँकही आवरायचा, ही आपल्याकडची रीत. मासे बादलीत, टाकी अंगणात, खडे साबणाच्या पावडरीत, स्पंज नळाखाली पिळून-पिळून लख्ख. जिवाणूंची सगळी वस्ती गटारात आणि टाकीला साबणाचा वास. लक्ष्मीपूजनाला टाकी आरशासारखी, भाऊबीजेला माझ्यासमोर डबा. ‘अहो, एवढी स्वच्छ केली होती!’ या वाक्याला उत्तर देणं हा चौदा वर्षांतला सर्वांत अवघड भाग. स्वच्छतेमुळे मासा मेला, हे मराठी गृहिणीला तोंडावर सांगून बघा.

पावसाळ्याचं गिऱ्हाईक वेगळं. पाणी गढूळ येतं म्हणून पालिका क्लोरीन वाढवते, नळाला वास मारतो आणि त्या दिवशी ज्याने पाणी बदललं त्याचे मासे कडेला येऊन धापा टाकतात. एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं पाणी किंवा अँटीक्लोरीनचे चार थेंब, एवढंच लागतं. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर यायला लागले की बोअरचं जड पाणी. म्हणून मी पुढे-पुढे मासा मेल्याची तक्रार आली की आधी ‘तुमच्याकडे पाणी कधी येतं’ असं विचारायचो. लोकांना वाटायचं, मी विषय टाळतोय.

‘गॅरंटी आहे का?’ हा प्रश्न रोजचा. ‘जोडी द्या ना, एकटा कंटाळेल’ हा फायटर माशाच्या बाबतीत. दोन नर एकत्र टाकले तर सकाळी एकच उरतो, नावातच सांगितलंय, तरी माया आडवी यायची. गप्पीचा भाव करताना ‘महापालिका फुकट देते’ असं हमखास ऐकवलं जाई. देते, खरंच, मलेरिया-डेंग्यूच्या अळ्या खायला डबक्यांत सोडण्यासाठी. ‘फाइंडिंग निमो’ आला त्याच वर्षी मी दुकानात लागलो होतो. पुढे कितीतरी वर्षं पोरं काचेला नाक लावून निमो मागत राहिली आणि तो खाऱ्या पाण्यातला मासा, घरच्या नळाच्या पाण्यात मरेल, हे सांगताना माझीच पोरांशी भांडणं झाली. मोबाइलवर दुसऱ्याचे भाव दाखवणारे शेवटच्या पाच-सहा वर्षांत आले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वास्तुवाले मात्र लिहिण्यासारखे. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश, टाकी अमुक दिशेला. काळा मेला की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं, असा समज. दुकानदाराच्या दृष्टीने याहून सोन्यासारखं गिऱ्हाईक नाही. मासा मेल्यावर आभार मानून दुसरा नेतं. असे एक गृहस्थ एकदा उलट तक्रार घेऊन आले. धंद्यात खोट आली, मुलाचं लग्न मोडलं, आणि काळा मासा टुणटुणीत. ‘काम करत नाही हो तुमचा मासा.’ मामाने ‘परत’ वहीत ही नोंद केली आहे आणि पुढच्या रकान्यात ‘कारण’ म्हणून लिहिलंय, ‘पाणी उत्तम.’

फ्लॉवरहॉर्नची लाट आली तेव्हा भांडणांचा भावही वाढला. नव्वदच्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला हा मासा. कपाळावर टेंगूळ, अंगावर चिनी अक्षरांसारखे काळे ठिपके. टेंगूळ मोठं तेवढी किंमत मोठी. घरी नेल्यावर टेंगूळ उतरलं की माणूस फसवणुकीच्या सुरात यायचा. आणि हा मासा एकटाच ठेवायचा असतो, दुसरा कुणी खपत नाही. सांगूनही लोक त्याच्या टाकीत चार गोल्डफिश ‘सोबतीला’ सोडायचे आणि मग चौघांचे पैसे मागायचे.

पण एक भांडण असं आहे, की ते आठवलं की अजून चोरट्यासारखं होतं. आमच्याकडे रंगीत ग्लासफिश यायचे. पाठीवर गुलाबी, पोपटी, निळी झळाळी. मूळ मासा आपल्याच देशातल्या नद्या-तळ्यांतला, काचेसारखा आरपार. आतला काटा दिसतो. तो रंग सुईने आत भरलेला असतो. सुई टोचताना बरेच मरतात, उरतात त्यांचा रंग काही महिन्यांत फिका पडतो. एक कॉलेजातली मुलगी जिवंत मासे पिशवीत घेऊन आली. सहाही पांढरे. ‘दादा, रंग उडाला यांचा. उडतो का माशांचा रंग?’ मी सांगितलं, पाणी बदललं की होतं असं, खाणं बदलून बघ. तिने खाण्याचा डबाही विकत घेतला. वहीत मी ‘कारण’ या रकान्यात काहीच लिहिलं नाही. तो अजून कोरा आहे. तिची तक्रार शंभर टक्के खरी होती, आवाजही चढलेला नव्हता, आणि तिलाच मी खोटं बोललो. त्यानंतर कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून रंगवलेला माल आणायचा नाही, यावर मी मामाशी भांडलो. दोन वर्षं लागली.

रिटर्न गिफ्टचा प्रकार मामाने स्वतःच बंद केला. पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस, चाळीस पिशव्या, प्रत्येकीत एक गोल्डफिश, वर सॅटिनची रिबन. ऑर्डर देणाऱ्या गृहस्थांनी नीट पैसे दिले, आभारही मानले. दुसऱ्या दिवसापासून आल्या त्या बाकीच्या पोरांच्या आया. त्यांनी काही विकत घेतलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. रडणारं पोर आणि पिशवीतला मासा तेवढा वाट्याला आला होता. त्यांच्याशी काय भांडणार? मामा आठवडाभर हात जोडत होता.

आता आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक, काका. निवृत्त, बहुधा रेल्वेतून. आम्ही कधी विचारलं नाही. आम्हा सगळ्यांना त्यांचा धाक. हातात बारीक टॉर्च. एकेका माशाच्या कल्ल्यांवर, शेपटीवर उजेड टाकायचे. तासभर बघून ‘आज नको’ म्हणून निघून जायचे. नवीन माल आल्या दिवशी कधी घ्यायचे नाहीत. चेन्नईहून, कोलकात्याहून खोक्यांत येतो, आठवडा तुमच्याकडे काढू दे, मग जगला तर बघू, असं भर गर्दीत मोठ्याने म्हणायचे आणि शेजारचं गिऱ्हाईक हातातली पिशवी खाली ठेवायचं. पांढरे ठिपके दिसले तर ‘ही अख्खी टाकी बंद करा, मीठ टाका, हीटर लावा’ असा हुकूम. ते दुकानात शिरले की मामा मला पुढे करून स्वतः चहाला जायचा.

२६ जुलै २००५ ला वीज गेली. बाहेर पाणीच पाणी, आत पन्नासेक टाक्या आणि सगळे एअरपंप बंद. मी आणि मामा हातात मग घेऊन टाकीतलं पाणी उचलायचो आणि वरून धार धरून परत टाकायचो, म्हणजे थोडी तरी हवा मिसळेल. रात्रभर, पाळीपाळीने, मेणबत्तीच्या उजेडात. सकाळी पाणी थोडं ओसरल्यावर गुडघाभर चिखलातून काका आले. पिशवीत बॅटरीवर चालणारे दोन पंप. न बोलता सर्वांत गर्दीच्या टाक्यांत सोडले, टॉर्च मारली आणि म्हणाले, ‘एवढा माल कोंबून ठेवता, म्हणून ही वेळ.’ तिसऱ्या दिवशी वीज आल्यावर पंप न्यायला आले तेव्हा सेलचे पैसे मागितले. मामाने दिले. चूक काहीच नव्हती. त्यांच्या नावावर ‘परत’ वहीत, कुठल्याच वर्षात, एकही नोंद नाही.

नोंद नसलेले आणखीही बरेच होते, पण वेगळ्या कारणाने. मोठा झालेला सकर मासा नकोसा झाला की लोक तो खाडीत, तलावात, नदीत सोडून यायचे आणि आम्हाला कौतुकाने सांगायचे, ‘सोडून दिला हो, पुण्य लागेल.’ काच साफ करणारा म्हणून बोटाएवढा विकलेला हा मासा दीड फूट होतो, अंगावर चिलखत असतं, आणि आता आपल्या जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतो. तेव्हा आम्हीही हसून मान डोलावली होती.

मे २०१७ मध्ये केंद्राने फिशटँकच्या दुकानांसाठी नियम काढले. बरणीत मासे ठेवायला बंदी, रंगवलेल्या माशांना बंदी, दीडशेहून अधिक जातींची यादी. बाजारात ओरड झाली. पुढे ते नियम मागेही घेतले गेले, पण तोवर आमचं दुकान बंद झालं होतं. नियमांमुळे नव्हे, भाड्यामुळे. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तुम्ही या रविवारी पोराला घेऊन जाणार असाल तर एवढं करा. टाकी न्या, मासे आणू नका. पाणी भरून फिल्टर चालू ठेवा, रोज खाण्याची नखाएवढी चिमूट टाका आणि महिनाभर तो बुडबुडे सोडणारा शिंपला बघत बसा. दुकानदार त्याच दिवशी मासे द्यायची घाई करायला लागला, तर त्याच्याशी खुशाल हुज्जत घाला.