मालधक्क्यावरचा पहारा

रेल्वे संपांचा इतिहास वाचताना पुढारी दिसतात, मागण्या दिसतात. मालधक्क्यावर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस मात्र दिसत नाही. तो कोण होता, हे शोधू लागलो तेव्हा उत्तर अनपेक्षित निघाले: पुष्कळदा तो रेल्वेचाच नोकर होता.

मे १८९९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेच्या तारबाबूंनी पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटींसाठी संप केला. टिळकांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ने त्यांची बाजू महिनोन्महिने लावून धरली. तारबाबूचे महत्त्व साधे होते. पुढच्या स्टेशनाकडून तारेने ‘लाइन क्लिअर’ आल्याशिवाय गाडी सुटत नसे. वखारीतल्या मालाला पहारा देता येई. पण पहारेकऱ्याला तारयंत्र येत नसेल, तर माल जागचा हलत नसे.

कंपन्यांकडे स्वतःच्या स्वयंसेवक रायफल पलटणी होत्या. त्यांत मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकर असत. पुढे १९२० मध्ये या पलटणी सहायक दलात गेल्या. म्हणजे एकाच स्टेशनातल्या दोन नोकरांपैकी एकाच्या हाती बंदूक, आणि ती कोणाला मिळायची हे वंशावर ठरे.

स्वातंत्र्यानंतर वंशाची अट गेली, युक्ती राहिली. १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रादेशिक सेनेत रेल्वे कर्मचाऱ्यांच्याच तुकड्या होत्या. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गाड्या चालवायला सरकारने या तुकड्यांना बोलावले. संप २७ मे रोजी मागे घेतला गेला.

आपल्या शहराच्या दृष्टीने या गोष्टीचा सांधा मनमाड. तेव्हा औरंगाबादचा मार्ग मीटरगेज, मुंबईचा ब्रॉडगेज; त्यामुळे मनमाडला प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. रुळांची रुंदी बदलते तिथे इंजिन काही करू शकत नाही, हमालाची पाठच लागते.

बंदूक पोते चोरापासून वाचवते; ते मुक्कामी पोहोचवत नाही. म्हणून सत्तेला दर वेळी कामगाराचाच हात लागला, आणि तो मिळवण्यासाठी तिने त्याला गणवेश चढवला. संप मोडला की जिंकला, हे आपण नोंदवतो. संपानंतर तो गणवेश उतरवून आपल्याच सहकाऱ्यांशेजारी पुन्हा कामाला लागलेल्या माणसाची नोंद मात्र अजून व्हायची आहे.